घटलेला पगार, थकलेली देणी : आधी कोणाचे?

घरातली कमाई कमी होते तेव्हा देणी तिच्याबरोबर कमी होत नाहीत. कारखान्यातला ओव्हरटाइम बंद होतो, कंत्राटाची मुदत वाढवली जात नाही, दोघे कमावते असतील तर त्यांतले एक आजारपणाने घरी बसते. पण घरकर्जाचा हप्ता, वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची फी आणि क्रेडिट कार्डाचे बिल पूर्वीच्याच आकड्यांनी येत राहते. आपल्याकडे या प्रश्नाची चर्चा दोन टोकांनी होते. एका टोकाला काटकसरीचे सल्ले असतात, दुसऱ्या टोकाला शेतीच्या कर्जमाफीवरचा राजकीय वाद. नोकरदार, रिक्षाचालक, छोटा दुकानदार यांचे शहरी-निमशहरी घर या दोन्हींच्या मधल्या जागेत सापडते आणि त्याच्या थकबाकीकडे 'ज्याचे त्याने बघावे' अशाच नजरेने पाहिले जाते. उपलब्ध अभ्यास, कायदे आणि गेल्या काही वर्षांतला अनुभव एकत्र मांडला तर एक गोष्ट ठळकपणे पुढे येते. कोणते देणे आधी द्यायचे हे आज धनकोच्या वसुलीच्या ताकदीवर ठरते. ते न दिल्याने घराचे किती नुकसान होईल याचा विचार त्यात जवळजवळ नसतो. हा क्रम बदलायला हवा, आणि तो एकट्या कुटुंबाच्या हिमतीवर बदलणारा नाही.

पार्श्वभूमी

ऋणकोला संरक्षण द्यावे की नाही, हा वाद महाराष्ट्रात दीडशे वर्षे जुना आहे. अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर कापसाचे भाव कोसळले, त्यातच सारावाढ झाली, आणि १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल करून कर्जरोखे जाळले. उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला, चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी साहाय्य कायदा आला. त्याच्या अंमलबजावणीत पुढे न्यायमूर्ती रानडे यांनी न्यायाधीश म्हणून काम केले. या कायद्याने न्यायालयाला रोख्यावरच्या आकड्यापलीकडे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मुभा दिली, हप्ते बांधून देण्याचा अधिकार दिला आणि कर्जापायी होणारा शेतकऱ्याचा तुरुंगवास थांबवला. कागदावर काय लिहिले आहे याबरोबरच ऋणकोची ऐपत काय आहे हेही पाहायचे, हे तत्त्व त्या वेळी मान्य झाले; मात्र ते शेतकऱ्यापुरते.

शहरी पगारदाराच्या वाट्याला असे काही आले नाही. त्याचा आधार म्हणजे कामगारांची पतपेढी, भिशी, किराणा दुकानातले उधारीचे खाते आणि शेवटी सावकार. गिरणगावात गिरणी कामगारांना जेवण देणाऱ्या खानावळवाल्या बायका स्वतःच सावकारी कर्जात होत्या. त्यांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. जानेवारी १९८२ मध्ये गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांचा पगार थांबला. खानावळीचे पैसे कामगाराच्या पगारातून येत आणि किराणा खानावळवालीच्या उधारीवर येई, त्यामुळे एकाची थकबाकी साखळीने पुढच्याकडे जाणे अटळ होते. घटलेले उत्पन्न एका घरात थांबत नाही, हा त्या काळाचा धडा आजच्या धोरणचर्चेत फारसा दिसत नाही.

त्यानंतरच्या तीन-चार दशकांत सावकाराची जागा मोठ्या प्रमाणावर बँका, वित्तकंपन्या आणि आता मोबाइलवरची कर्जे यांनी घेतली. भारतातील कुटुंबांचे कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ४० टक्क्यांवर पोहोचले असून त्यात घरकर्जापेक्षा इतर किरकोळ कर्जांचा वाटा मोठा आहे. विनातारण कर्जांची वाढ पाहून रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा कर्जांसाठी बँकांनी राखायचे जोखीमभार १०० वरून १२५ टक्के केले. त्याआधी २०२० ची टाळेबंदी आली होती. मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांसाठी कर्जाच्या हप्त्यांना स्थगिती मिळाली. पुढे त्या काळातले व्याजावरचे व्याज आकारू नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये दिला. पण ही स्थगिती रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतल्या कर्जांपुरती होती. त्याच उन्हाळ्यात महाराष्ट्रात मीटर वाचन बंद राहिले, सरासरीने बिले गेली आणि जूनमध्ये तीन महिन्यांचे एकत्रित वीजबिल घराघरांत पडले. ते हप्त्यांनी भरण्याची सोय नंतर करावी लागली. एकाच घरातल्या दोन देण्यांना एकाच संकटात दोन वेगळे न्याय मिळाले.

एका घराचा हिशेब

प्रश्न नेमका कुठे अडतो हे पाहण्यासाठी उदाहरणादाखल एक हिशेब मांडू. घरात महिन्याला ४६,००० रुपये येत होते, आता ३१,००० येतात. घरकर्जाचा हप्ता १३,५००, दुचाकीचा ३,२००, वैयक्तिक कर्जाचा ५,४००, म्हणजे हप्त्यांचेच २२,१०० झाले. क्रेडिट कार्डाची किमान रक्कम ३,००० आहे. वीज १,४००, मेंटेनन्स २,२००, गॅस आणि फोन ९००, किराणा-दूध-भाजी ९,०००, शाळा आणि प्रवास ५,०००, म्हणजे हे १८,५०० झाले. एकूण गरज ४३,६०० ची आणि हातात ३१,०००. तूट १२,६०० रुपयांची. दुचाकी, वैयक्तिक कर्ज आणि कार्ड या तिन्हींना एक पैसाही दिला नाही, तरी घरखर्च भागवून घरकर्जाच्या हप्त्याला १,००० रुपये कमी पडतात. बाहेरचे खाणे बंद करा, वर्गण्या रद्द करा, हे सल्ले चुकीचे नाहीत. पण इथे तूट उत्पन्नाच्या चाळीस टक्के आहे, आणि इतकी तूट भाजीच्या पिशवीतून भरून निघत नाही.

आता या घरात प्रत्यक्षात पैसे कोणत्या क्रमाने जातात ते पाहा. पगार खात्यात जमा होतो आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ऑटो-डेबिटने हप्ते कापले जातात. किराणा, वीज आणि फी यांना उरलेल्यातून भागवावे लागते, कारण ती माणसाने स्वतः भरायची असतात. खात्यात शिल्लक नसेल तर हप्ता परत जातो, आणि त्यासाठी बँक एकदा व कर्ज देणारी संस्था एकदा असा दुहेरी दंड बसतो. शिवाय २००७ च्या पेमेंट व्यवहारांच्या कायद्यानुसार, ठरावीक नोटीस देऊनही पैसे न दिल्यास, ऑटो-डेबिट परत जाणे हा चेक न वटण्यासारखाच गुन्हा ठरू शकतो. कर्ज थकणे ही दिवाणी बाब आणि ऑटो-डेबिटचा आदेश परत जाणे ही फौजदारी बाब, हा फरक फार थोड्या ऋणकोंना माहीत असतो. त्यामुळे हप्ता भरता येणार नाही हे दिसत असेल, तर तारीख उलटण्याआधी लेखी कळवणे आणि हप्त्याची फेररचना मागणे याला महत्त्व येते. गप्प राहिलेल्याची गाठ थेट वसुली विभागाशी पडते.

नुकसानीच्या मोजपट्टीवर याच देण्यांचा क्रम वेगळा लागतो. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पूर्ण पंधरा दिवसांची नोटीस देऊन वीज तोडता येते; मुलाची दहावी असलेल्या घरात त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. सोसायटीच्या थकबाकीवर आदर्श उपविधींनुसार वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लागू शकते आणि निबंधकाच्या वसुली दाखल्यावर थेट जप्ती येऊ शकते. घरकर्ज ९० दिवस थकले की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर सरफेसी कायद्याची ६० दिवसांची नोटीस येते, म्हणजे घर जाण्याचा धोका खरा असला तरी मधे काही महिने मिळतात. विनातारण वैयक्तिक कर्ज आणि क्रेडिट कार्ड यांच्यामागे जप्त करण्याजोगी गहाण वस्तूच नसते. धनकोला न्यायालयात किंवा लवादाकडे जावे लागते. आणि तरीही सर्वांत जास्त फोन, सर्वांत तीव्र तगादा याच कर्जांचा असतो. कारण स्पष्ट आहे. ज्याच्याजवळ तारण नाही त्याच्याजवळ दबाव हेच साधन उरते.

माणसाचा स्वभावही याच दिशेने ढकलतो. अमर, एरिअली आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की अनेक कर्जे असलेली माणसे सर्वांत महाग कर्ज बाजूला ठेवून आधी लहान कर्ज मिटवतात, कारण खात्यांची संख्या कमी झाल्याचे समाधान त्यातून मिळते. 'निदान एक तरी बंद झाले' हे वाक्य आपल्याही घरांत ऐकू येते. कुटुंबे पैशाबाबत बेफिकीर असतात असा याचा अर्थ मुळीच नाही. 'पोर्टफोलिओज ऑफ द पुअर' या २००९ च्या पुस्तकात भारत, बांगलादेश आणि दक्षिण आफ्रिकेतील गरीब कुटुंबांच्या वर्षभराच्या आर्थिक नोंदी आहेत. ही कुटुंबे एकाच वेळी अनेक साधनांतून पैसे फिरवण्यात विलक्षण कसबी असल्याचे त्यांतून दिसते. कमतरता कसबाची नाही, रोख रकमेची आहे.

क्रमाविषयीचे आक्षेप

नुकसानीप्रमाणे क्रम लावा, या म्हणण्यावर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्हींत तथ्य आहे. पहिला आक्षेप व्याजाचा. क्रेडिट कार्डावर वर्षाला ३६ ते ४५ टक्के किंवा त्याहून अधिक व्याज पडते. ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित प्रथा, हा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला, त्यामुळे वरची मर्यादाही उरलेली नाही. मग हेच देणे मागे ठेवणे महाग पडणार नाही का? पडेल. पण महाग कर्ज आधी फेडा हा नियम हातात शिल्लक उरत असेल तेव्हाचा आहे. शिल्लकच नसेल तेव्हा घर, वीज, अन्न आणि कामावर जाण्याचे साधन टिकवणे हा पहिला नियम, आणि कार्ड वापरणे बंद करून त्या थकबाकीचे निश्चित हप्त्यांत रूपांतर मागणे हा दुसरा. रोकड तुटीत असताना किमान रक्कम भरत कार्ड चालू ठेवणे हा सर्वांत वाईट पर्याय, असे माझे मत आहे. त्यात पैसे जातात आणि मुद्दल जवळजवळ जागेवर राहते.

दुसरा आक्षेप पत-गुणांकनाचा. थकबाकीची नोंद राहते आणि तडजोडीने कर्ज मिटवले तर 'सेटल्ड' असा शेरा पुढची कर्जे अडवतो. हे खरे आहे, आणि तरुण माणसासाठी ही किंमत मोठी आहे. पण गुणांकन टिकवण्यासाठी नवे कर्ज घेऊन जुने फेडणारे घर ही किंमत फक्त पुढे ढकलते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, तो जामीनदाराचा. पतसंस्थेच्या कर्जाला बहुधा सहकाऱ्याची किंवा नातेवाइकाची सही असते, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४९ नुसार वसुली पगारातून कापून घेता येते. इथे कर्ज विनातारण असले तरी ते थकल्यास दुसऱ्या घराचे उत्पन्न घटते. नुकसानीची मोजपट्टी प्रामाणिकपणे लावायची तर हे देणे बँकेच्या वैयक्तिक कर्जाच्या वर ठेवावे लागेल. वाण्याची उधारी आणि नात्यातले हातउसने यांनाही हेच लागू होते. त्यांच्याकडे वसुलीची यंत्रणा नाही, पण पुढच्या महिन्याचे धान्य आणि पुढच्या अडचणीतली मदत त्यांच्यावरच अवलंबून असते.

सवलतीविषयीची मते

घराबाहेरचा वाद सवलतीचा आहे. बँकांची बाजू अशी, की परतफेडीची शिस्त हीच पुढच्या कर्जदाराची सोय असते. एकाला सूट दिली की दहा जण थांबतात आणि व्याज सर्वांसाठी वाढते. या भीतीला आधार आहे. २००८ च्या देशव्यापी शेतीकर्जमाफीचा अभ्यास करणाऱ्यांना माफीनंतर गुंतवणूक वाढल्याचे दिसले नाही, आणि निवडणुकांच्या आसपास परतफेड ढासळल्याचे आढळले. मात्र मुद्दल माफ करणे आणि हप्ते पुढे सरकवणे या निराळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या गोष्टीविषयीचा पुरावा संमिश्र आहे. कोलकात्यात एरिका फील्ड, रोहिणी पांडे आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात पहिला हप्ता दोन आठवड्यांऐवजी दोन महिन्यांनी सुरू केल्यावर धंद्यातली गुंतवणूक आणि नफा वाढला, पण थकबाकीही वाढली. बांगलादेशातील प्रयोगात वर्षातून दोन हप्ते पुढे ढकलण्याची मुभा चांगल्या कर्जदारांना दिली, तर धंदा सुधारला आणि थकबाकी उलट कमी झाली. या दोहोंतून मी असा निष्कर्ष काढतो, की सवलत किती दिली यापेक्षा ती कोणाला, केव्हा आणि कोणत्या अटींवर दिली याने फरक पडतो. कोलकात्यातल्याच आणखी एका अभ्यासात आठवड्याऐवजी महिन्याने हप्ता भरणाऱ्या स्त्रियांमध्ये परतफेडीची काळजी बरीच कमी आढळली. बँकेच्या ताळेबंदात ही काळजी कुठे लिहिली जात नाही, पण घराच्या जमाखर्चात ती रोज असते.

आणखी एक बाजू म्हणते की हा कर्जाचा प्रश्नच नाही, उत्पन्नाचा आहे. नोकरी गेल्यावर भत्ता, आजारपणात वेतन, नियमित काम असेल तर थकबाकी उभीच राहणार नाही. मुळाशी हे बरोबर आहे. पण उत्पन्न पूर्ववत होईपर्यंतच्या सहा महिन्यांचे काय, याचे उत्तर त्यात मिळत नाही. आणि घर किंवा नोकरीला जाण्याची दुचाकी त्या सहा महिन्यांतच गमावली जाते.

कायदा काय वाचवतो

वर मांडलेल्या हिशेबाला कायद्याची पट्टी लावली तर एक विसंगती दिसते, आणि ती या सगळ्या चर्चेच्या केंद्रस्थानी असायला हवी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार पोटगी सोडून इतर हुकूमनाम्यासाठी पगाराची जप्ती करताना पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश वगळावे लागतात. ३१,००० पगार असलेल्या माणसाचे न्यायालय महिन्याला १०,००० रुपयेच जप्त करू शकते. २१,००० त्याच्या घरासाठी राखलेले आहेत. स्वयंपाकाची भांडी, अंथरूण आणि कारागिराची हत्यारेही त्याच कलमाने सुरक्षित आहेत. म्हणजे खटला लढून, जिंकून धनकोला जे मिळाले असते, त्याच्या दुपटीहून जास्त म्हणजे २२,१०० रुपये ऑटो-डेबिट न्यायालयाची पायरी न चढता घेऊन जाते. ऋणकोने स्वतः संमती दिलेली असते हे खरे. पण ती ४६,००० पगार असतानाची संमती असते. सूक्ष्म कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने २०२२ पासून सर्व हप्ते मिळून घराच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावेत अशी मर्यादा घातली. परंतु ती वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांपुरती आहे आणि कर्ज देतानाच्या उत्पन्नावर मोजली जाते. उत्पन्न नंतर घटले तर मर्यादा सरकत नाही.

भविष्य निर्वाह निधीचेही असेच आहे. १९५२ च्या कायद्याच्या कलम १० ने तो जप्तीपासून पूर्ण सुरक्षित ठेवला आहे. कोणत्याही धनकोला त्याला हात लावता येत नाही. तगाद्याला कंटाळून माणूस स्वतःच तो काढतो आणि कार्डाची थकबाकी भरतो तेव्हा कायद्याने म्हातारपणासाठी राखलेला पैसा सर्वांत कमी संरक्षित धनकोकडे जातो. सल्ला देणाऱ्याने सगळ्यात आधी अडवायला हवे ते इथे.

जुन्या दामदुपटीच्या नियमाने व्याज मुद्दलापेक्षा जास्त मागता येत नसे, आणि परवानाधारक सावकारांच्या कायद्यात त्या तत्त्वाचा वारसा टिकून आहे. बँकांना तो लागू नाही, आणि राज्यांचे सावकारी कायदे रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्तकंपन्यांनाही लागू होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले. याची भरपाई रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी काही प्रमाणात होते. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. एप्रिल २०२४ पासून हप्ता चुकल्याचा दंड व्याजदरात मिसळून त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. तक्रारीसाठी २०२१ पासून एकात्मिक लोकपाल योजना आहे, आणि तडजोडीसाठी कोर्ट फी न लागणारी लोकअदालत आहे. देण्याची ऐपतच नसलेल्याला केवळ देणे थकले म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, हे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० मध्येच लिहून ठेवले. ही सर्व संरक्षणे एकेका धनकोपुरती आहेत. पाच धनको असतील तर पाच दारांवर पाच वेळा तेच सांगावे लागते, आणि एकाने दिलेली सवलत दुसरा आपल्या वसुलीसाठी मोकळी झालेली रक्कम समजतो.

अनुत्तरित प्रश्न

सर्व धनकोंना एका टेबलावर बसवण्याची जागा म्हणजे वैयक्तिक दिवाळखोरीचा कायदा. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे, पण तो डिसेंबर २०१९ पासून फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता लागू झाला. सामान्य ऋणकोसाठी मुंबईत १९०९ चा आणि उर्वरित राज्यात १९२० चा ब्रिटिशकालीन कायदाच चालतो, ज्यात ५०० रुपयांचे कर्ज ही अर्जाची पात्रता आहे. संहितेतली नव्या सुरुवातीची तरतूद उद्या लागू झाली, तरी तिच्या अटी पाहाव्यात: वार्षिक उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचे घर नाही. वरच्या उदाहरणातले कुटुंब यातल्या एकाही अटीत बसत नाही. ज्या इंग्लंडकडून आपण १९२० चा कायदा घेतला, तिथे आणि वेल्समध्ये मे २०२१ पासून अडचणीतल्या ऋणकोला ६० दिवसांची सवड मिळते. त्या काळात बहुतेक धनकोंचे व्याज आणि वसुली थांबते, वीज-पाण्याची जुनी थकबाकीही त्यात येते, आणि ती सवड मान्यताप्राप्त कर्जसल्लागारामार्फतच मिळते. आपल्याकडे तशी सवड आणायची तर नोंदणी नसलेल्या उधारीचे आणि भिशीचे काय, हा प्रश्न तिथल्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. त्यांना वगळले तर सवड अपुरी, सामावून घेतले तर वाण्याचा धंदा थांबणार.

सल्लागाराचा प्रश्नही तितकाच मोकळा आहे. बँक ऑफ इंडियाने 'अभय' नावाचे कर्जसल्ला केंद्र मुंबईत सुरू केले होते. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये आर्थिक साक्षरता आणि कर्जसल्ला अशी दुहेरी केंद्रे उभारण्याची योजना आखली, आणि २०१२ मध्ये तिची फेररचना झाल्यावर नावातून कर्जसल्ला गेला, साक्षरता राहिली. साक्षरता केंद्र खाते कसे उघडावे ते शिकवते. पाच धनकोंची पत्रे घेऊन आलेल्या माणसासाठी हिशेब मांडणे, प्रत्येकाला देता येईल तेवढीच रक्कम लिहून पाठवणे आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करणे, हे निराळे काम आहे. त्याला प्रशिक्षित माणसे लागतात. त्यांचा खर्च बँकांनी उचलला तर सल्ला निःपक्ष राहील का, आणि सरकारने उचलला तर तो तालुक्यापर्यंत पोहोचेल का, यावर अजून कोणी ठाम उत्तर दिलेले नाही. ग्राहक पंचायत, विधी सेवा प्राधिकरण, बचतगटांचे फेडरेशन आणि पतसंस्था यांच्याकडे माणसांचा विश्वास आणि पत्ता दोन्ही आहेत. पण वीज कंपनी, सोसायटी आणि बँक या तिघांशी एकाच वेळी बोलण्याचा अधिकार यांपैकी कोणालाही नाही, आणि तो देण्यासाठी वीज नियामक आयोग, सहकार खाते आणि रिझर्व्ह बँक यांना एकत्र नियम करावे लागतील.